सोलांजने परत केलेलं शील

सोलांज पेरिशेच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर दोन चौकटी दिसत. डावीकडे मेयरच्या सहीचं जुनं प्रशस्तिपत्र, त्याखाली लाल मखमलीवर चांदीचं पदक. उजवीकडे एका सिनेमाचं भलंमोठं पोस्टर, त्यात गवतावर पहुडलेली, पोलक्याची वरची दोन बटणं उघडी असलेली एक मुलगी. प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं की कुमारी सोलांजचं आचरण निष्कलंक आहे. पोस्टर सांगत होतं की मुळीच नाही. या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर, एकाच बाईबद्दल, वीस वर्षं सुखाने नांदल्या. मध्ये लोकरीच्या गुंड्यांचं एक कपाट होतं, तेवढाच काय तो आडपडदा.

आमच्या शोव्हर्नी गावात दर जूनमध्ये एका मुलीच्या डोक्यावर मेयर गुलाबांचा मुकुट ठेवतात. त्या मुलीला रोझियेर म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी एक श्रीमंत, निपुत्रिक आणि अतिशय कुरूप बाई मरताना आपली शेती गावाला देऊन गेली, ती एका अटीवर. दरवर्षी गावातल्या सर्वांत सुशील मुलीचा सत्कार व्हायला हवा. मुलीचं नाव मेयरच्या कचेरीतल्या संगमरवरी पाटीवर कोरायचं, आणि पुढेमागे ती मुलगी नालायक ठरली तर नाव खरवडून काढायचं. त्यासाठी गावातल्या एका प्रतिष्ठित बाईची लेखी तक्रार पुरे, असंही ती लिहून गेली. त्या बाईला शोव्हर्नीच्या बायकांची चांगली पारख असावी. पण पाटीवरचं एकही नाव कधी खरवडलं गेलं नव्हतं. आम्ही सुशील होतो म्हणून नव्हे. एकीने तक्रार केली की दुसरीने केलीच असती, म्हणून.

सोलांज रोझियेर झाली ती अठराव्या वर्षी. मी तिच्याबरोबर सिस्टरांच्या शाळेत होते, एकाच वसतिगृहात, शेजारच्या खाटेवर. तिच्याइतकी सुशील मुलगी मी पुढे कधी पाहिली नाही, आणि देवाची कृपा की पुन्हा तशा मुलीशेजारी झोपायची वेळही आली नाही. ती झोपेत प्रार्थना म्हणायची. कोणी अंथरुणात चॉकलेट खाल्लं तर पहाटे उठून आधी त्या मुलीसाठी देवाकडे क्षमा मागायची आणि मग सिस्टरांना जाऊन नाव सांगायची. या क्रमात तिने कधी चूक केली नाही.

शाळा संपल्यावर ती वडिलांच्या दुकानात बसू लागली. लोकर, बटणं, सुया, लेस, फिती. लग्न अँसेल्मशी झालं. अँसेल्म नळाची कामं करायचा. चांगला माणूस, फक्त त्याच्या बोलण्यातही नळाचे वायसर बदलण्यापलीकडे काही नसे. सगळं असंच चाललं असतं आणि सोलांज आपल्या बटणांत म्हातारी झाली असती. पण मध्ये सिनेमा आला.

इव्ह कोरबँ नावाचा पॅरिसचा एक गलेलठ्ठ मुलगा एका उन्हाळ्यात आमच्या गावी मावशीकडे राहिला होता. वय पंधरा. नदीकाठी बसून दिवसभर जर्दाळू खायचा. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे हा मुलगा दिग्दर्शक झाला आणि त्याने आमच्याच गावात येऊन ‘गवताचा माळा’ हा सिनेमा काढला. त्यात पॅरिसचा एक सडपातळ, देखणा मुलगा उन्हाळ्यात मावशीकडे येतो. लोकरीच्या दुकानातली लुसिल त्याला कोठारातल्या गवताच्या माळ्यावर नेते, आणि सप्टेंबरात तो पुरुष होऊन आगगाडीत बसतो. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की पौगंडावस्थेची व्यथा इतक्या हळुवारपणे पडद्यावर कधी आली नव्हती. आम्ही तालुक्याच्या थिएटरात पाहायला गेलो. दिवे लागले तेव्हा पडद्याकडे कोणीच पाहत नव्हतं. सगळं गाव मान वळवून सोलांजकडे पाहत होतं. लोकरीचं दुकान गावात एकच.

सोलांज त्या रात्री रडली. खरोखर रडली, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या रुमालात. “मार्गरित, मी उद्या तोंड कसं दाखवू ग?” म्हणाली. उद्या तोंड दाखवायची वेळ आली तेव्हा दुकानाबाहेर रांग होती. शेजारच्या गावांतून बायका आल्या होत्या आणि कधी नव्हे ते पुरुषही आले होते. त्या पुरुषांना अचानक बटणं हवी होती. सोलांजने खाली मान घालून फीत मोजली, कापली, बांधून दिली. कोणी धीर करून विचारलं, “ती तुम्हीच ना?” तर तिने कात्रीकडे पाहिलं आणि म्हणाली, “पोरवय होतं हो.”

खोटं ती बोलली नव्हती. पोरवय होतंच. पण त्या तीन शब्दांवर तिने तीस वर्षं दुकान चालवलं. पहिल्या वर्षी ते शब्द म्हणताना ती लाल व्हायची. पाचव्या वर्षी उसासा टाकायची. दहाव्या वर्षी पोस्टर लागलं. अँसेल्मने चुलतभावाच्या शेतातल्या एका कोठारावर ‘हाच तो माळा’ अशी पाटी ठोकली. ते कोठार सिनेमानंतर बांधलेलं होतं, पण पर्यटक कशाला बांधकामाची तारीख विचारतात? समोरच्या बेकरीत इव्हेत ‘लुसिल’ नावाचं जर्दाळूचं तार्त विकू लागली. म्हणजे सगळ्या गावाचं पोट सोलांजच्या पापावर चालत होतं, आणि इव्हेत तर तार्त बांधता बांधता गिऱ्हाइकाला हळूच सांगायची, “समोर बघितलंत? चारित्र्यहीन बाई. मी तेव्हापासून ओळखते तिला.” सोलांजला ते ठाऊक होतं. ती इव्हेतला दर नाताळात लोकरीचे हातमोजे विणून पाठवायची.

पापाने तिला काय काय दिलं ते सांगते. तिची चाल बदलली. गावजेवणात तिला मेयरच्या उजव्या हाताला खुर्ची मिळू लागली. तरुण मुली प्रेमभंग झाला की आईकडे न जाता तिच्या दुकानात जाऊ लागल्या, आणि जिने आयुष्यात अँसेल्मशिवाय कुणाचा हात धरला नव्हता ती बाई त्यांना पुरुषांच्या स्वभावाविषयी सल्ला देऊ लागली. सल्ला चांगला असायचा, हे मान्य करायला हवं. आणि दर जूनला हीच बाई जुन्या रोझियेरींच्या मिरवणुकीत, छातीवर पदक लावून, पहिल्या रांगेत चालायची. कोणाला काही विसंगत वाटत नसे. आमच्या गावाची आठवण म्हणजे सोलांजचं दुकान. जो माल खपत नाही तो माळ्यावर टाकून देतात.

मग सिनेमाला तीस वर्षं झाली, आणि पॅरिसच्या एका कंपनीने त्याची डीव्हीडी काढायचं ठरवलं. चित्र धुऊनपुसून लखलखीत केलेलं, सोबत एक पुस्तिका, आणि शेवटी जादा भाग म्हणून कोरबँची मुलाखत. घरोघरी टीव्हीवर लोक आपलं गाव बघणार म्हणून आमचे मेयर ब्रिसोनो फुलून गेले. कंपनीने त्यांना आठवडाभर आधी एक डिस्क भेट पाठवली. मेयरसाहेब हिशेबी माणूस. डिस्क दाखवायचा समारंभ आणि रोझियेरचा समारंभ एकाच रविवारी घेतला तर गावातर्फे पाजायची वाइन एकदाच पाजावी लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं. शीलाचा सत्कार आणि गवताचा माळा, मध्ये मध्यंतर. वाइनचा एक पिंप वाचवण्यासाठी त्यांनी या दोन गोष्टी एका छपराखाली आणल्या. वीस वर्षं लोकरीच्या कपाटाने जे सांभाळलं होतं ते एका पिंपापायी उघडं पडायचं होतं.

शुक्रवारी दुपारी सोलांज माझ्याकडे आली. हातात कंपनीचं जाहिरातीचं पत्रक होतं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकलं. ‘खरी लुसिल कोण होती? दिग्दर्शक प्रथमच सांगतात.’

“वाचलंस?”

“वाचलं. तू मेयरना सांग, तेवढा भाग दाखवू नका.”

“सांगून आले. म्हणतात, ‘सोलांजबाई, अहो, तोच भाग बघायला तर लोक येणार. तुमचाच सत्कार आहे म्हणा ना!’ आणि वर डोळा मारला मेल्याने.”

मी कॉफी ओतली. ती प्यायली नाही.

“सोलांज, काय होईल फार तर? तो खरं सांगेल.”

“तेच तर!” ती म्हणाली. “मार्गरित, तू होतीस ना तेव्हा. तुला माहीत आहे काय झालं ते.”

माहीत होतं. एका मलाच नव्हे. त्या रविवारी चर्चमध्ये जे जे हजर होते त्या सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या वेळच्या पाद्रीबाबांनी ते प्रवचनात सांगितलं होतं. त्यातले निम्मे लोक अजून जिवंत होते आणि तार्त खात होते.

“आणि समज,” मी म्हटलं, “तो म्हातारा हुशारी करून म्हणालाच, की हो, तीच ती लुसिल. मग? मग तुझ्या पदकाचं काय? मेयरना नाव खरवडावं लागेल.”

“खरवडू देत!” ती माझं वाक्य संपायच्या आत म्हणाली. मग तिने पत्रकाची नीट घडी घातली, घडीवर नख फिरवलं, जशी ती कापडाच्या घडीवर फिरवायची. “तुला काय कळणार,” म्हणाली. “तुझा नवरा नोटरी होता. लोक तुला उठून नमस्कार करतात. मला लोकांनी ‘बटणवाली’ म्हणूनच पुरलं असतं.”

रविवार उजाडला. सकाळी मेलोदी नावाच्या, सुपरमार्केटात गल्ल्यावर बसणाऱ्या एका गोड मुलीला गुलाबांचा मुकुट घातला गेला. तिचा मित्र मोटारसायकल घेऊन हॉलबाहेर थांबला होता, पण गावाने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. रोझियेर सापडणं हल्ली सोपं नाही. मेलोदीची धर्ममाता म्हणून सोलांजने तिच्या गालांचे मुके घेतले. छातीवर पदक होतंच. मग वाइन झाली, डुकराच्या मांसाच्या पेस्टचे पाव झाले, पडदे ओढले, आणि सिनेमा लागला.

सिनेमा खरंच लखलखीत दिसत होता. आमची नदी इतकी निळी कधीच नव्हती. माळ्याचा प्रसंग आला तसं सगळ्या हॉलने पुन्हा एकदा मान वळवून सोलांजकडे पाहिलं. तिने खाली बघितलं, ओठांच्या कोपऱ्यात ते ठरलेलं हसू आणलं. अँसेल्मने छाती पुढे काढली. हा माणूस तीस वर्षं कॅफेत सांगत आला होता की त्याने ही बाई एका पॅरिसवाल्याच्या तोंडातून काढून घेतली.

मग मुलाखत. कोरबँ आरामखुर्चीत बसला होता, अजून गलेलठ्ठ, मांडीवर एक मांजर. मुलाखतकर्तीने विचारलं, लुसिल खरी होती का? तो हसला. इतका हसला की मांजर उतरून गेलं.

“लुसिल? अहो, लुसिल मला पाहिजे होती. मिळाली ती दुसरीच. लोकरीच्या दुकानात एक मुलगी होती. सोलांज. मी महिनाभर रोज एक बटण विकत घ्यायचो. शेवटी हिंमत करून विचारलं, माळ्यावर येतेस का? आणि काय सांगू, ती हो म्हणाली! मी शिडी चढलो ती स्वर्गाचीच. ती मागून चढली, गवतावर बसली, एप्रनच्या खिशात हात घातला, आणि धर्मशिक्षणाचं पुस्तक काढलं.”

हॉलमध्ये कोणीतरी फुसकन हसलं.

“सहावी आज्ञा,” कोरबँ म्हणाला. “व्यभिचार करू नकोस. स्पष्टीकरणासकट. तिने ती मला पाठ होईपर्यंत म्हणायला लावली. चुकलो की पहिल्यापासून. मी रडायला लागलो तर म्हणाली, रडण्याने पाठांतराला चालना मिळते, पुन्हा म्हण. मग कान धरून मला पाद्रीबाबांकडे नेलं. पुढे ऐकलं की या कामगिरीबद्दल तिला गावाने कसलं तरी पदक दिलं. मी मात्र पॅरिसला गेलो आणि मनातल्या मनात वीस वर्षं तो प्रसंग दुरुस्त करत बसलो. सिनेमा म्हणजे दुसरं काय असतं?”

आणि मग हॉल हसला. मी शोव्हर्नीत पुष्कळ प्रकारचं हसू ऐकलं आहे, पण तसं नाही. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेयरसाहेब खुर्चीचा हात धरून हसले. मेलोदीचा मुकुट कानावर आला. गावाने सोलांजला तीस वर्षं पापी म्हणून मान दिला होता. तिचं शील सिद्ध झालं त्या क्षणी तिची इज्जत गेली.

सर्वांत आधी इव्हेतला वाचा फुटली. “अगं बाई सोलांज! म्हणजे माळ्यावर नेऊन तू त्याची नुसती शिकवणी घेतलीस? आणि मी मेली तुझ्या नावाचं तार्त विकतेय? फी तरी घेतलीस का ग?”

“बिचारा अँसेल्म!” मागून कोणीतरी ओरडलं.

अँसेल्म माझ्या शेजारी बसला होता. त्याची छाती आत गेली होती. माझ्याकडे वाकून, अगदी हळू, तो म्हणाला, “मादाम मार्गरित, तुम्हाला म्हणून सांगतो. लग्नाच्या रात्रीच मला शंका आली होती. पण सिनेमा पाहिला आणि म्हटलं, आपल्याला त्यातलं काय कळतंय? सिनेमावाल्याला जास्त माहीत असणार.”

सोलांज उठली. मला वाटलं, दाराकडे जाईल. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. कोरबँचा चेहरा मागे अडकून राहिला होता, तोंड उघडं. तिने हसू ओसरू दिलं. तिच्या आवाजात कंप नव्हता.

“इव्ह सभ्य माणूस आहे,” ती म्हणाली. “माझं लग्न झालंय हे त्याला ठाऊक आहे. अँसेल्म जिवंत आहे हेही ठाऊक आहे. असा प्रश्न विचारल्यावर सभ्य माणूस दुसरं काय सांगणार?”

ती एकेकाकडे बघत राहिली. बेकरीवालीकडे, माळ्याची तिकिटं फाडणाऱ्या अँसेल्मच्या चुलतभावाकडे, मेयरकडे, हॉटेलवाल्याकडे. प्रत्येकाला आपापलं दुकान आठवायला तेवढा वेळ पुरला.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” हॉटेलवाला पुटपुटला.

“अर्थातच!” मेयर म्हणाले. “दिलदार माणूस! किती नाजूकपणे सांभाळून घेतलं!” आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या प्रवचनाच्या रविवारी ज्या म्हाताऱ्या माझ्या बाकावर बसल्या होत्या त्यांनी सर्वांत जास्त वाजवल्या.

फक्त इव्हेत वाजवत नव्हती. “छे!” ती हाताची घडी घालून म्हणाली. “मी नाही मानणार. पदक काय फुकट मिळालं होतं? पदक घालून बसलीय आणि म्हणे पाप केलं. दोन्हींतलं एक काय ते ठरव.”

इव्हेतच्या तोंडून आयुष्यात निघालेली ती एकमेव तर्कशुद्ध गोष्ट असावी. ती सोलांजच्या जिव्हारी लागली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकानं बंद. सकाळीच ती माझ्या दारात उभी. हातात मखमलीची डबी.

“मार्गरित, तक्रार लिहून दे.”

“कसली?”

“मी नालायक आहे अशी. तू प्रतिष्ठित आहेस.”

“मी खोटं लिहिणार नाही, सोलांज.”

“म्हणजे माझ्या शीलाची ग्वाही देणार? शाब्बास! मैत्रीण असावी तर अशी.” ती उंबऱ्यातच बसली. बसताना गुडघा वाजला. “सिस्टरांनी तुला खोटं न बोलायला शिकवलं आणि मला दुसऱ्याकडून आज्ञा पाठ करून घ्यायला. दोघींचंही वाटोळं केलं बघ. तो मुलगा वाईट नव्हता ग. जाड होता, पण डोळे चांगले होते. रोज एक बटण न्यायचा. मी प्रत्येक बटण त्याच्यासाठी आधीपासून बाजूला काढून ठेवायची.”

हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवर झोपूनही माहीत नव्हतं.

“मग खिशात पुस्तक कशाला नेलंस?” मी विचारलं.

“दुसरं काय न्यायचं असतं ते मला कोणी सांगितलं होतं?” ती म्हणाली आणि उठली. “बरं, लिहू नकोस. पण कोणी विचारलं तर गप्प राहशील? गप्प राहणं पाप नाही. तेही सिस्टरांनीच शिकवलंय.”

“राहीन.”

ती तडक रस्ता ओलांडून बेकरीच्या मागच्या दाराशी गेली. मी मागोमाग गेले, कारण हे बघायचं सोडून मी घरी बसणं शक्य नव्हतं. इव्हेत हातभर पीठ लावून दारात आली.

“इव्हेत,” सोलांज म्हणाली, “तीस वर्षं तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलीस की मी चारित्र्यहीन. आता तेच एका कागदावर लिहून दे.”

इव्हेतने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या चेहऱ्यावरून विचार जाताना दिसत होते, एकामागून एक, बैलगाडीच्या वेगाने. लिहून दिलं तर सोलांजला सिनेमा कायमचा मिळणार, आणि तोही इव्हेतच्या सहीने. नाही दिलं तर आपण तीस वर्षं खोटं बोललो हे कबूल, वर सोलांज गावातली सर्वांत सुशील बाई. तार्तचं काय, ते आणखी वेगळंच.

“तू मला कैचीत धरतेयस,” ती म्हणाली.

“मी? मी तर तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवतेय. गावात पहिल्यांदाच कोणीतरी ठेवतंय.”

“आणि हातमोजे? ते याच्यासाठीच विणत होतीस का तू इतकी वर्षं?”

“हात गार पडतात तुझे म्हणून विणत होते. सही कर.”

इव्हेतने सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उमटला. मेयरनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहून विचारलं, “मादाम, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?” मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्या कचेरीच्या खिडकीतून पार्किंगशिवाय काही दिसत नाही, पण मी ते बराच वेळ पाहिलं.

पाथरवट आला तो गुरुवारी. सोलांज स्वतः हजर होती, रविवारचा कोट घालून. “सावकाश,” त्याला म्हणाली. त्याने छिन्नी लावली. तिच्या नावातलं एकेक अक्षर पांढरी भुकटी होऊन फरशीवर पडलं. शेवटचं अक्षर गेलं तसं तिने छातीवर क्रूस काढला, आणि पर्समधून झाडणी काढून भुकटी गोळा केली. ती तशी नीटनेटकी होतीच.

पाटीवर इतक्या नावांत एकच ओरखडलेली रिकामी जागा. लोक येऊन तिचेच फोटो काढू लागले. मेयरसाहेबांनी त्यावर छोटा दिवा बसवला. मार्गदर्शक मुलगी पर्यटकांना सांगते की इथे जिचं नाव होतं तीच सिनेमातली लुसिल, आणि पुरावा काय तर नाव नाही. सोलांज दुकानात डिस्क विकू लागली, प्रत्येकीला निळी फीत बांधून. विकत घेणाऱ्याला सांगायची, “सिनेमा बघा. शेवटचा जादा भाग नाही पाहिला तरी चालेल, बिचाऱ्याचं वय झालंय.” कोरबँने पॅरिसहून एक बटण पाठवलं होतं पाकिटातून, जुनं, शिंपल्याचं, चिठ्ठीशिवाय. ते तिने पोस्टरवरच्या मुलीच्या उघड्या पोलक्यावर शिवलं. का, ते मी विचारलं नाही. पदकाच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेत; प्रार्थना म्हणत होती की नाही, देव जाणे. चर्च भरलं होतं. तालुक्याचे लोक आले, टीव्हीवाला एक आला, आणि ज्या मुलींना तिने सल्ले दिले होते त्या आपापल्या मुलांना घेऊन आल्या. नवे पाद्रीबाबा तरुण आहेत, आफ्रिकेतून आलेत, गावची भानगड त्यांनी इथेच ऐकलेली. ते फार सुंदर बोलले. म्हणाले, आपली बहीण सोलांज तारुण्यात घसरली, पण तिने आपलं पाप कधी लपवलं नाही. मान स्वतःच्या हाताने परत केला. जिने पुष्कळ प्रेम केलं तिला पुष्कळ क्षमा मिळते. अँसेल्म पहिल्या बाकावर ताठ बसला होता, छाती पुन्हा पुढे. त्याने थडग्याच्या दगडावर तिच्या नावाखाली ‘लुसिल’ कोरून घेतलं आहे.

मी मांडीवरची प्रार्थनेची पोथी बंद केली. ती नुसती बंद केली, पण इव्हेतला, माझ्या शेजारी बसलेल्या इव्हेतला, वाटलं की मी उठून काही बोलणार आहे. तिने माझ्या कोपराला चिमटा काढला. हातात सोलांजचे हातमोजे होते, त्यामुळे लागलं नाही.

“गप्प बस हं, मार्गरित,” ती कुजबुजली. डोळे लाल होते तिचे.

“मी कुठे काय म्हणतेय?”

“चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. सहावी आज्ञा दिसतेय, स्पष्टीकरणासकट.”

मला हसू आलं, आणि ते दाबायला मी रुमाल तोंडाला लावला. मागच्या बाकावरच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिने खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला, आणि आम्ही दोघी उभ्या राहून, सगळ्यांबरोबर, त्या पापिणीसाठी गायला लागलो.